तिथीचा बाजार, तारखेचा आकडा

३१ ऑगस्ट २०२५, सोलापूर

महिना संपला. उद्यापासून मुलं दुकानांत जायला लागतील. तिसऱ्या वर्षाला कालश्रेणी शिकवताना पुस्तकातले विमानप्रवाशांचे जुने आकडे पुन्हा पुन्हा गिरवण्यापेक्षा आपल्या पेठेचे आकडे घ्यावेत, म्हणून हा उपक्रम चालवते आहे. प्रत्येकाला दुकानं ठरवून दिली आहेत. किराणा, कापड, चपला, भांडी, सराफी, टीव्ही-फ्रिजवाले, औषधं, खत-बियाणं. प्रश्न एकच: मागच्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा विक्री जास्त, कमी की तेवढीच? रुपये विचारायचे नाहीत. गल्ला कोणी सांगत नाही, आणि विचारला तर पुढच्या महिन्यात दारातच उभं करतात. जास्त म्हणणाऱ्यांतून कमी म्हणणारे वजा केले की बाजाराचा कल कळतो. वाढ किती, ते मात्र या पद्धतीत कळत नाही.

देशपातळीवरही फार वेगळं नाही. भारतात कारखानी उत्पादनाचा सरकारी मासिक निर्देशांक आहे, महागाईचा आहे. किरकोळ विक्रीचा नाही. मग ज्याला जे दिसतं त्यावरून अंदाज. रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया दर महिन्याला आपल्या पाहणीतून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार विभाग आणि कपडे, पादत्राणं, दागिने, किराणा, टिकाऊ वस्तू अशी क्षेत्रं मांडते. वाहनविक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ आरटीओतल्या नोंदणीवरून आकडे देते. जीएसटीचा भरणा महिन्याच्या सुरुवातीला जाहीर होतो. यूपीआयचे व्यवहार मोजले जातात. चारही गोष्टी खऱ्या आणि उपयोगाच्या आहेत, पण चौघांना दिसणारं गिऱ्हाईक वेगवेगळं आहे.

या ऑगस्टचीच गोष्ट. गणपती यंदा २७ ऑगस्टला बसले, गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला. मखर, विजेच्या माळा, नारळ, खोबरं, गूळ, नवे कपडे, सगळी खरेदी यंदा ऑगस्टमध्ये उरकली. मुलांच्या तक्त्यात पूजासाहित्यवाले आणि किराणावाले ‘जास्त’ म्हणणार हे मी आजच लिहून ठेवते. टीव्हीवाले मात्र ‘कमी’ म्हणतील. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या टीव्हीचं गिऱ्हाईक भाव विचारून जायला लागलं.

४ सप्टेंबर

काल रात्री उशिरा जीएसटीच्या दरांचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून मुख्य दर दोनच, ५ आणि १८ टक्के. चैनीच्या आणि अपायकारक वस्तूंना ४०. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ वर. एसी, ३२ इंचांहून मोठे टीव्ही, लहान गाड्या आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली २८ वरून १८ वर. ट्रॅक्टर १२ वरून ५ वर. अडीच हजारांपर्यंतचा कपडा आणि चप्पल ५ टक्क्यांत.

सकाळी ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे गेले. त्यांच्या गोदामात साबणाची खोकी छतापर्यंत होती. “मॅडम, किराणावाल्यांनी आज सकाळपासून ऑर्डरच दिली नाही. बावीसपर्यंत जेवढ्यास तेवढं. आणि माझ्याकडचा हा सगळा माल जुन्या दरानं आलेला.” भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण ते वळतं होईपर्यंत पैसे अडकणार, आणि अडकलेल्या पैशावर व्याज त्यांच्याच खिशातून जाणार.

त्यात परवा अनंत चतुर्दशी, मग पितृपक्ष. पंधरवडाभर आपल्याकडे नवी वस्तू घरात येत नाही. एरवी या पंधरवड्यात निदान साबण-तेलाची घाऊक खरेदी चालू राहते, यंदा तीही थांबली. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे असे जाणार, आणि शेवटच्या नऊ दिवसांत नवरात्र आणि नवे दर एकाच दिवशी सुरू होणार. गेल्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती, म्हणजे तेव्हाच्या सप्टेंबरमध्ये नवरात्राचा एकही दिवस नव्हता. या दोन सप्टेंबरांची वजाबाकी करून जो टक्का येईल तो गणिताच्या दृष्टीनं बरोबर असेल. त्यावरून लोकांच्या हातात पैसा खेळतो आहे की नाही, हे सांगणारा मात्र चूक करील.

१० सप्टेंबर

वर्गात आज दिवसभर हाच विषय. ऋतुमानाचा परिणाम काढून टाकायची जी प्रमाण पद्धत अमेरिकेच्या जनगणना खात्यानं विकसित केली, तिच्यात बदलत्या तारखेच्या सणासाठी वेगळी सोय आहे. तिथे ती ईस्टरसाठी लागते. ईस्टर मार्चच्या अखेरीस येतो किंवा एप्रिलमध्ये. आपल्याकडे असा सण एक नाही, जवळजवळ सगळेच आहेत. संक्रांत, नाताळ असे थोडे सोडले तर बाजार हलवणारा जवळजवळ प्रत्येक सण तारीख बदलतो. ईद तर दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते.

एका मुलीनं विचारलं, “मग सगळ्या देशासाठी एकच दुरुस्ती करायची का?” हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. केरळचा बाजार ओणमला हलतो. यंदा तिरुओणम ५ सप्टेंबरला झाला, गेल्या वर्षी १५ तारखेला. कोलकात्याची कपड्यांची मोठी खरेदी दुर्गापूजेच्या आधी होते, म्हणजे यंदा ती सप्टेंबरात आली. तमिळनाडूत आडी महिन्यात लग्नकार्यं नसतात, म्हणून कापडदुकानं त्याच महिन्यात मोठ्या सवलती लावतात, आणि नवे कपडे पोंगललाही लागतात. आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळी आणि मग तुळशीच्या लग्नानंतरचे बस्ते. त्यामुळे एखाद्या महिन्यात पूर्व विभाग वाढला आणि पश्चिम घसरला अशी बातमी आली की आधी पंचांग पाहावं. पुष्कळदा तो फरक पंचांगानंच पाडलेला असतो.

पावसाचंही तेच. यंदा मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. एसी, कूलर, शीतपेयं आणि आइस्क्रीम यांचा हंगाम ऐन भरात तुटला. छत्री-रेनकोटवाल्यांचा माल मात्र मे महिन्यातच गेला. जूनचा आकडा पाहून छत्र्यांची मागणी घटली असं कोणी म्हटलं तर दुकानदार हसेल.

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना, काल नवे दर. मोटरसायकलच्या शोरूमसमोर रस्त्यापर्यंत गाड्या. बुकिंग आधीच झालेलं होतं, लोक फक्त बावीस तारखेची वाट पाहत होते.

किराणात घोळ आहे. पाच रुपयांच्या पुड्याचा नवा भाव साडेचारच्या आसपास येतो. पन्नास पैसे परत द्यायला कोणाकडे आहेत? दुकानदार चॉकलेट देतो, किंवा गिऱ्हाईक दोन पुडे घेतं. कंपन्या पुढे पुड्याचं वजन वाढवून किंमत पुन्हा पाचावर आणतील असं सगळेच म्हणतात. तसं झालं की विक्रीचे रुपये तेवढेच राहतील, माल जास्त जाईल. रुपयांत मोजणाऱ्या तक्त्याला ते दिसणार नाही. जुन्या मालावर नव्या किमतीचा शिक्का किंवा स्टिकर लावायला ३१ डिसेंबरपर्यंत मुभा दिली आहे, म्हणून एकाच फळीवर एकाच साबणाचे दोन भाव.

२६ सप्टेंबर

सीना नदीला पूर. माढा, मोहोळ, करमाळा, दक्षिण आणि उत्तर सोलापूर, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. महामार्गांवरची वाहतूकही थांबवावी लागली. धाराशिव, बीड, लातूर, नांदेडमधूनही अशाच बातम्या. वर्गातली माढ्याकडची मुलं आलेली नाहीत. एकाचा फोन लागला. सोयाबीन काढणीला आलं होतं, ते गेलं. जनावरं वाचली. घरात कमरेएवढं पाणी होतं. तो म्हणाला, “मॅडम, या महिन्याची दुकानं राहिली माझी.” मी त्याला म्हटलं, दुकानं राहू देत.

तक्त्याचं काम आज थांबवलं. महाविद्यालयातून धान्य आणि चादरी गोळा करून पाठवायला सुरुवात झाली.

३ ऑक्टोबर

काल दसरा. शहरात सोनं-गाड्यांची गर्दी होती, त्याबद्दल लिहिण्यासारखं नवं काही नाही. पूरग्रस्त गावांच्या बाजूला काय झालं ते लिहायला हवं.

तिकडच्या एका मोठ्या गावात आज मुलांबरोबर गेले होते. भांडीवाल्याच्या दुकानात गर्दी. स्टोव्ह, पातेली, कळशा, पाण्याच्या टाक्या. कापडवाल्याकडे चादरी, सतरंज्या, लहान मुलांचे कपडे. स्टेशनरीवाल्याकडे वह्या, दप्तरं. गादीवाल्याला उसंत नाही. औषधदुकानात रांग. मुलानं ठरलेला प्रश्न विचारला: मागच्या वर्षीच्या सप्टेंबरपेक्षा? भांडीवाल्यानं सांगितलं, “जास्त.” आणि मग थोडं थांबून म्हणाला, “पोरा, हे जास्त म्हणून लिहू नको. घरात होतं तेच परत घ्यायलेत लोकं. आणि निम्मं उधारीवर आहे.”

आमच्या पद्धतीत ‘जास्त’ म्हणजे अधिक एक. भरभराटीच्या दिवाळीतलंही अधिक एक आणि वाहून गेलेल्या संसारातलंही अधिक एक. मोठ्या आकड्यांतही हेच होतं. महापुरानंतर, वादळानंतर, भूकंपानंतर विक्री चढते, बांधकामाचं सामान चढतं, आणि वर्षाच्या हिशेबात ती वाढ म्हणून जमा होते. जे नष्ट झालं ते वजा करायला विक्रीच्या तक्त्यात रकानाच नसतो. संख्याशास्त्राच्या पुस्तकात हे एका ओळीत येतं, आणि मीही ते वर्षानुवर्षं एका ओळीत शिकवत आले. त्या दुकानात उभं राहून ते ऐकणं वेगळं होतं.

परतताना गाडीतच ठरलं. यापुढे उत्तरापुढे ‘कारण’ असा रकाना, आणि ‘रोख की उधार’ हाही.

९ ऑक्टोबर

मुख्यमंत्र्यांनी मंगळवारी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची कामं. पैसे दिवाळीआधी खात्यात पडावेत अशी अपेक्षा आहे. दुकानदारही त्याच आशेवर आहेत. तालुक्याच्या बाजाराचं गणित सरळ असतं: सोयाबीनची पट्टी हातात आली की किराण्याची उधारी फिटते, मग कपडे, मग उरलं तर गाडीचा हप्ता. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. ज्यांचं पीक वाचलं त्यांचीही पट्टी हलकीच. कापसावरचं आयात शुल्क ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत माफ आहे, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात कापूसवाल्यांच्या मनातही धाकधूक. इकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊसपट्ट्याची गोष्ट निराळी. तिथला पैसा गळीत हंगाम सुरू झाल्यावर, नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्यानं येतो.

हे सगळे जिल्हे पाहणीच्या तक्त्यात ‘पश्चिम विभाग’. त्यांच्यासोबत मुंबई, पुणे आणि शेजारी गुजरातही. अंधेरीतला मॉल आणि धाराशिवकडच्या भूममधलं कापडदुकान यांची सरासरी काढून जो टक्का येतो, तो दोन्ही ठिकाणी खोटा ठरतो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सराफकट्ट्यावर पाय ठेवायला जागा नाही. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या वर. गेल्या दिवाळीत ऐंशी हजारांच्या आसपास होतं.

एका सराफांना मी रुपयांबरोबर वजनही विचारलं. “गल्ला म्हणाल तर वाढला. वजन म्हणाल तर घटलं. पूर्वी जी बाई दोन तोळ्यांचं गंठण घ्यायची ती आता तोळ्याचं मागते. आणि मोड किती येतेय बघा. जुनं देऊन नवं. खिशातून फक्त घडणावळ जाते.” नाणी आणि वेढणी यांची विक्री मात्र वाढली, असं ते म्हणाले. लेकीच्या लग्नाआधी भाव अजून चढेल, या भीतीनं लोक घेऊन ठेवतात.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. अखिल भारतीय व्यापारी महासंघानं देशातल्या दिवाळीच्या विक्रीचा अंदाज ६.०५ लाख कोटी रुपये सांगितला, त्यातले ६५ हजार कोटी सेवांचे. संघटनेनं हा अंदाज प्रमुख व्यापारी शहरांतल्या पाहणीतून काढला आहे. इतका मोठा आकडा इतक्या लवकर हाती आला की वर्तमानपत्रं तो पहिल्या पानावर घेतात आणि वर्षभर त्याचाच दाखला देत राहतात. त्या पाहणीच्या बाहेर किती बाजार आहे हेही लक्षात ठेवलं पाहिजे. सरकारच्याच असंघटित उद्योगांच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये शेतीबाहेरचे ७.३४ कोटी छोटे उद्योग मोजले गेले. त्यांत दुकानं आहेत, टपऱ्या आहेत, घरच्या खोलीत साडी विकणारी बाई आहे. चाळीस लाखांच्या आत वस्तूंची उलाढाल असेल तर जीएसटीची नोंदणीच लागत नाही. दीड कोटीपर्यंतच्या कंपोझिशनवाल्यांचा कर तीन महिन्यांनी भरला जातो. म्हणजे पेठेतली कित्येक दुकानं कुठल्याही मासिक आकड्यात त्या महिन्यापुरती नसतातच.

या वर्षीपासून असंघटित उद्योगांची ही सरकारी पाहणी दर तिमाहीला प्रसिद्ध व्हायला लागली आणि नमुन्याची रचना जिल्हा पायाभूत धरून केली आहे. मला याचं मोल फार वाटतं. धाराशिवला धाराशिवचा आकडा मिळण्याची ही सुरुवात ठरू शकते. महिन्याचा नसला तरी चालेल.

१ नोव्हेंबर

सराफांनी धनत्रयोदशीला जे सांगितलं तेच आता तक्त्यात आलं. जागतिक सुवर्ण परिषदेच्या जुलै-सप्टेंबरच्या अहवालात भारतातली दागिन्यांची मागणी १७१.६ टनांवरून ११७.७ टनांवर आली आहे. एकतीस टक्क्यांची घट. रुपयांत मात्र ती जवळपास गेल्या वर्षीइतकीच. वर्गात हा अहवाल आणि सराफांचं वाक्य शेजारी शेजारी लिहिलं. सोन्याच्या जागी टीव्ही, गाडी धरून मुलं वाद घालत राहिली, आणि तास संपल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरचे जीएसटीचे आकडेही आले, १.९६ लाख कोटी. त्यांत सप्टेंबरचे व्यवहार आहेत. हे दर वेळी फळ्यावर लिहावं लागतं, कारण बातमीत ‘ऑक्टोबरमधली विक्रमी दिवाळी’ असा मथळा हमखास येतो.

८ नोव्हेंबर

फाडाचा ऑक्टोबरचा आकडा: ४० लाखांहून जास्त वाहनं, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा साडेचाळीस टक्के जास्त. दुचाकी तर दीडपटीहून अधिक. एका महिन्यात इतकी वाहनविक्री कधीच झाली नव्हती. यात नव्या दरांचा वाटा मोठा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. ज्या घरात मोटरसायकल परवडत नव्हती तिथे ती आली, कोणाला कामाची जागा जवळ झाली, कोणाची मुलगी महाविद्यालयात यायला लागली.

पण याच संघटनेनं दुसराही हिशेब दिला आहे, सणाच्या ४२ दिवसांचा. नवरात्रापासून पुढचे दिवस यंदाचे आणि गेल्या वर्षीचे, तिथीला तिथी लावून. त्यात वाढ २१ टक्के. साडेचाळीस आणि एकवीस यांच्यामधला फरक कुठून आला ते मुलांनी स्वतः शोधलं. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आणि पाडवा २२ ला, दोन्ही मुहूर्त एकाच महिन्यात. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि पाडवा २ ला होता, त्यामुळे पाडव्याच्या गाड्या नोव्हेंबरात नोंदल्या गेल्या. शिवाय यंदा सप्टेंबरातले तीन आठवडे अडलेलं गिऱ्हाईकही इथेच आलं. सप्टेंबरची वाढ पाचेक टक्केच होती.

माझं मत असं, की सणांच्या महिन्यांत तारखेचा टक्का एकटा छापूच नये. शेजारी तिथीचा टक्का द्यावा. वाहनविक्रेते ते करतात, म्हणजे ते करता येतं. कापड, दागिने, टिकाऊ वस्तूंसाठी का करू नये?

१३ नोव्हेंबर

ऑक्टोबरची किरकोळ महागाई पाव टक्का. या मालिकेतला सर्वांत कमी दर. अन्नपदार्थ तर वर्षभरात पाच टक्क्यांनी स्वस्त झाले. ज्या किराणावाल्यांनी या वेळी ‘तेवढीच’ सांगितली त्यांच्याकडे मुलांना पुन्हा पाठवलं. डाळ, तेल, कांदा, साबण, बिस्किटं, वेगवेगळं विचारायला सांगितलं. डाळीची पोती गेल्या वर्षीपेक्षा जास्त गेलेली आणि गल्ला तेवढाच. सोन्यात उलटं होतं. क्षेत्राक्षेत्रांची तुलना करताना हे ध्यानात घेतलं नाही तर सराफी तेजीत आणि किराणा मंदीत असं चित्र उभं राहतं, आणि खरी गोष्ट बरोबर उलट असते: लोकांनी डाळ जास्त खाल्ली आणि सोनं कमी घेतलं.

डाळ स्वस्त झाली याचा दुसरा अर्थ तूर आणि कांदा पिकवणाऱ्याला भाव मिळाला नाही. त्याच शेतकऱ्यानं मग तालुक्याच्या कापडदुकानात पाऊल टाकलं नाही. ‘कारण’ रकान्यात दोन-तीन कापडवाल्यांनी हेच सांगितलं.

२६ नोव्हेंबर

अमेरिकेचा सप्टेंबरचा किरकोळ विक्रीचा आकडा काल आला. सरकारी कामकाज बंद पडल्यानं तो महिन्याहून अधिक लांबला होता. तिथले बाजार, बँका, कंपन्या सगळे त्याची वाट पाहत बसले होते. महिन्याच्या मध्यावर मागच्या महिन्याची विक्री कळण्याची त्यांना इतकी सवय आहे की तो न आल्यानं निर्णय अडले. आपल्याकडे असा आकडाच नाही, म्हणून तो नसल्याची उणीव कोणाला जाणवत नाही. बँकेचा अधिकारी कर्ज देताना, कंपनी माल पाठवताना, सरकार मदत ठरवताना अंदाजानं चालतात. त्या अंदाजात मोठी दुकानं दिसतात म्हणून मोजली जातात, आणि पूर आलेल्या गावातला भांडीवाला उधारी वाढवत जातो.

२ डिसेंबर

नोव्हेंबरचा जीएसटी भरणा १.७० लाख कोटी, वाढ ०.७ टक्के. हा भरणा ऑक्टोबरच्या व्यवहारांचा. ज्या महिन्यात देशात सर्वांत जास्त गाड्या विकल्या गेल्या त्याच महिन्याचा कर जेमतेम जागचा हलला. दर उतरले, म्हणून वस्तू जास्त विकूनही कर तेवढाच. ज्याला बाजार चांगला होता म्हणायचं असेल तो गाड्यांचा आकडा घेईल, ज्याला वाईट म्हणायचं असेल तो कराचा. आज वर्गात दोन्ही गटांना वाद घालायला लावलं. माढ्याचा मुलगा पहिल्यांदाच बोलला. त्यानं विचारलं, “आमच्या तालुक्याचा भरणा वेगळा मिळेल का?” कर कुठे भरला आणि माल कुठे खपला हे वेगळं असतं, हे त्याला समजावून सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि व्हायला नको होतं.

९ डिसेंबर

नोव्हेंबरची वाहनविक्री आली. एकूण वाढ दोन टक्के. दुचाकी तीन टक्क्यांनी घटल्या, प्रवासी गाड्या जवळपास वीस टक्क्यांनी वाढल्या, ट्रॅक्टर ५६ टक्क्यांनी. गेल्या नोव्हेंबरात पाडव्याच्या दुचाकी होत्या, या नोव्हेंबरात नाहीत. तरीही घट तीनच टक्के, म्हणजे मागणी टिकून आहे. ट्रॅक्टरचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दर बारावरून पाचावर आले, पाऊस भरपूर झाला, धरणं भरली, रब्बीला पाणी आहे. पण नदीकाठच्या ज्या शेतांतली माती गेली तिथे ट्रॅक्टर कोणी घेतले? तालुकावार नोंदणी आरटीओच्या संकेतस्थळावरून जमेल तेवढी उतरवून घ्यायचं काम दोन मुलींनी अंगावर घेतलं आहे.

पुढच्या वर्षाचा तक्ता आज आखायला बसलो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ऐन लग्नसराईत महिनाभर मुहूर्त नाहीत. बस्ते, मंगल कार्यालयं, बँडवाले, आचारी यांचा मे महिना अर्ध्यावर तुटेल आणि जूनचा दुसरा पंधरवडा फुगेल. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. अनारशाचं पीठ, बत्तासे, तांब्याची ताटं, चांदीचे दिवे, लेकीला साडी. भांडीवाल्यांची आणि चांदीवाल्यांची विक्री त्याच चार आठवड्यांत चढेल, आणि २०२५ च्या मे-जूनशी तुलना करणाऱ्याला कारण सापडणार नाही. त्यानंतर सगळे सण पुढे जातात. गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ऑक्टोबर २०२६ चा आकडा कोसळलेला दिसेल आणि नोव्हेंबरचा उसळलेला.

तक्त्यात आता पाच रकाने आहेत: तारखेशी तुलना, तिथीशी तुलना, रुपये की नग, रोख की उधार, आणि कारण. पुराच्या पट्ट्यातली दुकानं वेगळ्या पानावर ठेवायची, शहराच्या सरासरीत मिसळायची नाहीत, असं मुलांनी बहुमतानं ठरवलं. माढ्याच्या मुलानं त्याच्या गावच्या आठवडी बाजारातले विक्रेतेही घ्यावेत असा आग्रह धरला. ते दर आठवड्याला त्याच जागी बसत नाहीत, मग पुढच्या महिन्यात त्याच माणसाला गाठायचं कसं, यावर चर्चा अडली आहे. तो म्हणतो, जागा बदलली तरी माणसं त्याच्या ओळखीची आहेत. जानेवारीपासून ते पान त्याच्याकडे दिलं.